औषधाचा नेम आणि यकृताची ताकद

यकृताच्या कर्करोगावर ‘थेट गाठीवर मारा करणारे नॅनोकण’ सापडल्याची बातमी वर्षातून दोन-चारदा तरी छापून येते. बहुतेकदा प्रयोग उंदरांवर झालेला असतो, पण मथळ्यात उंदीर नसतो. या बातम्यांत एक गृहीतक असते: केमोथेरपीचे औषध जालीम आहेच, फक्त ते नेमके गाठीपर्यंत पोहोचवता आले की काम झाले. ते अर्धेच खरे आहे. यकृतापुरता नेम आजवर सर्वांत चांगला साधला तो एखाद्या हुशार कणाने नव्हे, तर रक्तवाहिन्यांच्या रचनेने. आणि नेम साधल्यावरही रुग्ण किती जगणार, हे बरेचसे गाठीबाहेरच्या उरलेल्या यकृतावर ठरते.

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून येते, उरलेले यकृताच्या धमनीतून. कर्करोगाची गाठ मात्र जवळजवळ सगळी धमनीवर पोसते. एकाच शेताला कालव्याचे आणि विहिरीचे पाणी असावे आणि तण तेवढे विहिरीच्या पाटावर माजावे, तसे हे आहे. म्हणून जांघेतून बारीक नळी धमनीत घालून ती गाठीच्या फांदीपर्यंत नेतात, खसखशीच्या आयोडीनयुक्त तेलात कालवलेले डॉक्सोरुबिसिन किंवा सिस्प्लॅटिन तिथे सोडतात आणि मागून ती फांदी बुजवतात. डॉक्टर या उपचाराला ‘टेस’ म्हणतात. २००२ साली बार्सिलोना आणि हाँगकाँग इथल्या दोन चाचण्यांनी त्याचा फायदा दाखवला. बार्सिलोनात दोन वर्षांनी टेस घेतलेले ६३ टक्के रुग्ण जिवंत होते, न घेतलेले २७ टक्के. हाँगकाँगमध्ये हेच आकडे ३१ आणि ११ होते. औषधे जुनीच होती, वाट तेवढी वेगळी.

इथे एक रास्त आक्षेप येतो. फायदा औषधाचा कशावरून, रक्तपुरवठा तोडल्याचाही असेल! न्यूयॉर्कमधल्या २०१६ च्या एका चाचणीत डॉक्सोरुबिसिन भरलेले मणी आणि औषधाविना नुसते मणी यांची तुलना झाली, आणि गाठीवरच्या परिणामात फरक दिसला नाही. टेसला डोळे मिटून ‘लक्ष्यित केमोथेरपी’ म्हणणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवायला हवा. पण त्याला उत्तर चीनमधून आले. तिथे धमनी न बुजवता, ऑक्सॅलिप्लॅटिन आणि फ्लुओरोयुरॅसिल ही औषधे नळीवाटे तासन्‌तास सोडत राहण्याची पद्धत रुजली आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे उपचार घेतलेले रुग्ण मध्यकाने, म्हणजे निम्मे त्याहून अधिक, १३.९ महिने जगले. सोराफेनिब या कर्करोगाच्या औषधाच्या गोळ्या घेणारे ८.२ महिने. म्हणजे योग्य वाटेने गेलेले औषध स्वतःच्या बळावरही काम करते. हे रुग्ण बहुतांशी हिपॅटायटिस-बीचे होते, तेव्हा हा निकाल सरसकट सर्वांना लावता येणार नाही.

आता कणांचे पाहू. उष्णतेने फुटणाऱ्या चरबीच्या सूक्ष्म पिशवीत डॉक्सोरुबिसिन भरायचे, गाठ रेडिओलहरींनी तापवायची, की औषध तिथेच सांडेल. कल्पना देखणी होती. ७०१ रुग्णांवरची चाचणी २०१३ मध्ये अपयशी ठरली. सुधारून ५५६ रुग्णांवर पुन्हा केली, तीही २०२० मध्ये निष्फळ ठरली. डॉक्सोरुबिसिनच्या दुसऱ्या एका नॅनोकणाची गत २०१७ मध्ये तीच झाली. म्हणून हे संशोधन थांबवावे असे नाही. पण बातमी वाचताना ‘गाठ किती आकसली’ याआधी ‘आयुष्य किती वाढले’ हे विचारावे.

नेमाचा दुसरा अर्थ म्हणजे ठरावीक रेणूवर नेम धरणारे औषध. २००८ मध्ये सोराफेनिबने मध्यक आयुष्य ७.९ वरून १०.७ महिन्यांवर नेले. भारतात त्याचा महिन्याचा खर्च २,८०,४२८ रुपये होता. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने हैदराबादच्या नॅटको कंपनीला देशातला पहिला सक्तीचा परवाना दिला आणि किंमत ८,८८० रुपयांवर बांधली; २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. पुढे २०२० मध्ये ॲटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब या जोडीने सोराफेनिबला मागे टाकले; नंतरच्या पाठपुराव्यातले आकडे होते १९.२ महिने विरुद्ध १३.४. आताचा कल दोन्ही नेम एकत्र करण्याचा आहे. टेससोबत प्रतिकारशक्तीचे औषध आणि बेव्हासिझुमॅब दिलेल्या एका चाचणीत रोग पुन्हा बळावेपर्यंतचा काळ ८.२ वरून १५ महिन्यांवर गेला. हा काळ म्हणजे आयुष्य नव्हे, हे मात्र विसरू नये.

या बहुतेक चाचण्यांत घेतलेल्या रुग्णांचे यकृत बऱ्यापैकी शाबूत होते. पोटात पाणी झालेल्या, कावीळ चढलेल्या माणसाला टेस केले तर गाठीआधी यकृतच हात टेकते. वर्धा जिल्ह्यातल्या देवळीसारख्या गावच्या रुग्णासाठी प्रश्न इथे सुरू होतो. सावंगी, सेवाग्राम, फार तर नागपूर इथली रुग्णालये गाठता येतात. गोळीची किंमत सरकारी आदेशाने एका दिवसात उतरू शकते; धमनीत नळी फिरवणारा तज्ज्ञ घडायला वर्षे लागतात, आणि तो असला तरी उशिरा आलेल्या रुग्णापुढे त्याचाही इलाज चालत नाही. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, मग यकृत खराब कशाने होणार, असे कुणी म्हणेल. बंदी किती पाळली जाते हा वाद बाजूला ठेवला तरी हिपॅटायटिस-बी आणि सी, मधुमेह, यकृतातली चरबी यांना बंदीशी देणेघेणे नाही. बाळांना हिपॅटायटिस-बीची लस देशभर मिळू लागली ती २०११ च्या सुमारास, त्याआधी जन्मलेले बहुतेक जण तिच्याविना वाढले. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिस-बी आणि सी यांची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. ज्यांना सिऱ्होसिस (यकृत कडक होण्याचा आजार) आहे किंवा जुन्या हिपॅटायटिस-बीमुळे धोका जास्त आहे, त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, असे वैद्यकीय मार्गदर्शन सांगते. शांघायमध्ये १८,८१६ जणांवर झालेल्या चाचणीत सहामाही सोनोग्राफी आणि रक्ततपासणीमुळे या कर्करोगाचे मृत्यू ३७ टक्क्यांनी घटले. त्या अभ्यासाच्या पद्धतीवर आक्षेप आहेत. पण ठरलेल्या तपासण्यांपैकी जेमतेम ५८ टक्केच तिथे पार पडल्या होत्या, आणि तरीही एवढा फरक पडला.