सहाशे विटांचं माहेर

गौरी माहेरपणाला येतात, असं आपण म्हणतो. त्यांच्यापुढे देखावा मांडताना मात्र आपण कधी हिमालय उभा करतो, कधी राजवाडा. २०१९ च्या भाद्रपदात मी ठरवलं, या वेळी गौरींना माझंच माहेर दाखवायचं.

कारण ते माहेर आता उरलं नव्हतं. वाईचा आमचा वाडा त्याच उन्हाळ्यात पाडला आणि आई भावाबरोबर फ्लॅटमध्ये राहायला गेली. पाडापाडी सुरू असताना मी भावाला फोन केला. म्हटलं, "दादा, मला बाकी काही नको. एक अख्खी वीट तेवढी ठेव." तो हसला, पण वीट ठेवली.

त्याआधी मी घरं करायचे ती थर्माकोलची. लाल रंग फासायचा, पांढऱ्या पेनने रेघा मारायच्या, झाली भिंत! २०१८ साली राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आणि माझी पंचाईत झाली. आज वाटतं, बरंच झालं. त्या भिंती भिंतीसारख्या कधी दिसल्याच नव्हत्या.

दादाने आणलेली वीट मी मोजली. लांबी नऊ इंच, जाडी जेमतेम दोन इंच. हल्लीच्या विटेपेक्षा कितीतरी चपटी! मग माप ठरवलं, खऱ्या एका फुटाला एक इंच. म्हणजे माझी वीट १९ मिलिमीटर लांब आणि ४ मिलिमीटर उंच. दोन विटांमध्ये एक मिलिमीटरची फट. भिंत दहा इंच उंच धरली. त्यातलं खालचं दोन इंच दगडी जोतं, वर आठ इंच विटा. पुण्याचा शनिवारवाडा आठवा. १७३० ते १७३२ या काळात तो बांधला गेला. त्याच्या तटाला खाली दगड आणि वर विटाच आहेत. आमचा वाडा काही एवढा मोठा नव्हता, पण रीत तीच.

हिशेब केला आणि डोळेच फिरले. विटांचे चाळीस थर, एका फुटात प्रत्येक थराला पंधरा विटा. म्हणजे एक फूट रुंद भिंतीला सहाशे विटा!

एवढ्या विटा आणायच्या कुठून? कपाटात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. जाड, कडक कागद. मी कटर घेऊन बसले, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, पत्रिका कापतेस? निदान वरचा गणपती तरी आधी बाजूला काढून ठेव." सगळे गणपती त्यांनी स्वतःच नीट कापून एका डबीत ठेवले आणि मग पट्ट्या कापायलाही बसल्या.

कृती अशी. खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या. त्याच्या मागच्या बाजूला आधी पातळ फेव्हिकॉल लावून वाळवा, नाहीतर पुढे ओलाव्याने तो वाकतो. पेन्सिलीने दर पाच मिलिमीटरवर आडव्या रेघा मारा आणि विटा खालून वर चिकटवत न्या. एक थर अख्ख्या विटेने सुरू करा, पुढचा अर्ध्या विटेने. वरचा सांधा खालच्या विटेच्या मध्यावर यायला हवा. गवंडी असंच बांधतो. काही विटांचे कोपरे नखाने उडवा, काहींवर काचपेपर घासा. जोत्याचे दगड मी वर्तमानपत्राच्या लगद्याचे केले.

रंगासाठी गेरू आणि फेव्हिकॉलचं पाणी. रंग एकसारखा मुळीच देऊ नका. काही विटांना थोडा पिवळा, काहींना कोळशाची पूड लावा. भट्टीत सगळ्या विटा कुठे सारख्या भाजतात? रंग रात्रभर वाळू द्या. मग पांढऱ्या रांगोळीत फेव्हिकॉल आणि चहाचं पाणी कालवून फटींमध्ये बोटाने भरा आणि विटांवर आलेलं ओल्या फडक्याने हलकेच पुसा. गवंडी याला दर्जा भरणं म्हणतात. या क्षणी पुठ्ठ्याची भिंत होते, खरंच सांगते!

पंधरा दिवस रोज दुपारी दीड-दोन तास मी हेच करत होते. दार झालं, दाराशेजारची दिव्याची देवळी झाली. मी खूश होते.

गौरी आल्या त्या दिवशी आई आली. देखाव्यापुढे बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, भरून आलं असेल. तर म्हणाली, "छान झालंय गं. पण हे आपलं घर नाही."

मी गप्पच झाले. आई पुढे म्हणाली, "देवळीत काजळी कुठाय? चाळीस वर्षं रोज दिवा लावला मी तिथे. आणि पागोळ्यांनी दाराखालची भिंत काळी पडली होती, ती कुठाय?"

मी माप घेतलं होतं ते विटेचं. त्या भिंतीशी आईने काढलेली वर्षं माझ्या मापात आलीच नव्हती.

निरंजनावर वाटी धरून मी काजळी काढली. देखाव्यापासून लांब, ओट्यावर; पुठ्ठ्याजवळ ज्योत नकोच. आईने करंगळीने ती देवळीत वरच्या बाजूला लावली. मग कोऱ्या चहाचे ओघळ जोत्यावर सोडले. पुन्हा लांब जाऊन पाहिलं आणि म्हणाली, "हां. आता दिवा लावायची वेळ झाली."

मैत्रिणींनो, तुमच्या माहेरचं जुनं घर अजून उभं असेल, तर पुढच्या खेपेला जाताना पर्समध्ये टेप ठेवा. एक वीट मोजा, दाराची उंची मोजा, फोटो काढा. आणि आईला विचारा, कुठली भिंत कशाने काळी झाली. ते मात्र टेपने मोजता येत नाही.