गुरांचा घटसर्प आणि मांजराचा दात

कोकणात पावसाळ्याआधी गुरांना घटसर्पाची लस टोचतात. त्याचा जंतू पाश्चुरेला. एरवी तो जनावराच्या घशात गुपचूप राहतो. जनावर दमले, अशक्त झाले की उलटतो. म्हणून तो संधिसाधू. याच जातीचे जंतू निरोगी मांजराच्या तोंडातही असतात.

डब्लिनच्या सँडीफोर्डमध्ये मुलांकडे राहणाऱ्या ज्येष्ठांनी हे ध्यानात ठेवावे. आयर्लंडमध्ये कुत्र्या-मांजरांत रेबीज नाही, म्हणून चावा किरकोळ समजू नये. मांजराचा दात बारीक; जखम लहान दिसते, पण खोल जाते. २४ तासांच्या आत सूज चढू शकते. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल किंवा प्लीहा काढलेली असेल, तर मुळीच थांबू नका. भारतात असाल तर रेबीजची लसही घ्या.