अनुदान थांबले, तेव्हा काय थांबले?

शेतकऱ्याच्या घामातून जमा होणारा सरकारी पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर उधळला जातो, अशी तक्रार जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केली होती. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. शिकवण्याचा खर्च राज्याने उचलायचा, हे दोघांनीही गृहीत धरले होते.

त्याच महाराष्ट्रात १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. मुले डोनेशन भरून कर्नाटकात जात होती आणि तिजोरीत पैसा नव्हता, त्यामुळे निर्णयामागची निकड खरी होती. ग्रामीण भागातली कितीतरी मुले त्यामुळेच इंजिनीअर झाली, हेही मान्य करायला हवे. पण १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर ही तात्पुरती सोयच धोरण होऊन बसली. पुढे शाळांनाही ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर मान्यता मिळू लागल्या. ‘कायम’ हा शब्द वगळला गेला २००९ मध्ये. त्यानंतरही वीस टक्के, चाळीस टक्के अशा टप्पा अनुदानासाठी शिक्षक आझाद मैदानात उपोषणाला बसत राहिले.

नवउदारमतवाद माणसाकडेही गुंतवणुकीचे भांडवल म्हणूनच पाहतो, असे अमेरिकी विचारवंत वेंडी ब्राउन मांडतात. गुंतवणुकीचा हा हिशेब शिक्षणात कसा चालतो, ते तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाच्या बिलात दिसते. त्यात घेतलेले तास तेवढे मोजतात. उन्हाळ्याच्या सुट्टीचे मानधन नाही. नापास झालेल्या मुलाला तास संपल्यावर शेजारी बसवून समजावले, तर त्याला बिलात रकाना नाही. नेट-सेट, पीएच.डी. झालेली माणसे अशी वर्षानुवर्षे राबतात. हा अन्याय आहे, आणि त्याची झळ वर्गातल्या मुलांनाही बसते.

वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी राज्य सरकारने २०२४ मध्ये माफ केली. निर्णय चांगलाच आहे. मात्र फीची भरपाई झाली म्हणून प्राध्यापकांची रिकामी पदे भरली जात नाहीत. प्रवेश मिळालेल्या मुलीला पूर्णवेळ शिकवणारे कोणी हवे असेल, तर त्या पदांचा पगार सरकारने स्वतंत्रपणे द्यावा लागेल.