चौरस फुटाला तीन कोटी!

बँक्सी आणि बास्किया या भिंती रंगवणाऱ्या चित्रकारांच्या गोष्टी ऐकून आपल्याकडची पोरं हातात स्प्रे घेऊन भिंती शोधत फिरतात. अहो, रस्त्यावर रंगवता रंगवता थेट लिलावघर गाठणारा माणूस आपल्याच रेल्वे लायनीवर जन्मला होता! मकबूल फिदा हुसेन, जन्म 1915, गाव पंढरपूर. तेव्हा लातूर-पंढरपूरमध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी होती. लातूरला ती 1911 साली पोचली. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली तीही याच वाटेने, फक्त रूळ तेवढे रुंद झालेले.

हुसेन यांचं बालपण इंदूरला गेलं. 1930 नंतर मुंबईत आले, फूटपाथवर झोपले, सिनेमाची होर्डिंगं रंगवू लागले. मजुरी चौरस फुटावर, तीही आण्यांत! हे काम कसं चालायचं ते नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत एखाद्या जुन्या पेंटरला विचारा. हातात नटीचा वीतभर फोटो, त्यावर पेन्सिलीने पाडलेले चौकोन. तेवढेच चौकोन समोरच्या बोर्डावर, रंगवलेल्या दोरीचा फटका मारून आखलेले. मग एकेका चौकोनात कुठे नाकाचा तुकडा, कुठे भुवईचं टोक. परांचीवर उभं राहून पाहिलं तर नुसते फराटे. खाली उतरून रस्त्यापलीकडे गेलं की हेमामालिनी! शुक्रवारी पिक्चर लागणार म्हणजे गुरुवारी रात्री बोर्ड चढलाच पाहिजे, खोडत बसायला वेळ कुणाला? हुसेन यांच्या घोड्यांची ती एका दमातली रेघ इथेच तयार झाली असणार, असं आमचं आपलं मत. फ्लेक्स आल्यावर वाढदिवसाचे बोर्ड तासाभरात छापून मिळू लागले. भाव मात्र अजून चौरस फुटाचाच!

होर्डिंगांनंतर त्यांनी खेळणी आणि मुलांचं फर्निचरही केलं. 1947 मध्ये ‘सुनहरा संसार’ला बॉम्बे आर्ट सोसायटीत बक्षीस मिळालं, त्याच वर्षी ते सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे यांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमध्ये सामील झाले.

आता हिशेबाला बसा. ‘ग्रामयात्रा’ हे चित्र 1954 चं. खेड्यातल्या जगण्याचे तेरा तुकडे एका पट्टीत बसवलेले. नॉर्वेच्या एका डॉक्टरने ते 1400 रुपयांना घेतलं आणि कितीतरी वर्षं ते ऑस्लोच्या हॉस्पिटलात टांगलेलं होतं. मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात ते गेलं सुमारे 118 कोटींना. चित्र जेमतेम तीन फूट उंच, चौदा फुटांच्या आसपास लांब. करा भागाकार!

हुसेन यांच्या चित्रांतल्या मदर तेरेसांना चेहरा का नसतो? हुसेन तान्हे असतानाच आई गेली, तिचा चेहरा त्यांना कधी आठवलाच नाही. आठवणीत उरली ती तिची नऊवारी.

सिनेमाचं वेड होर्डिंगांवर थांबलं नाही. ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ या त्यांच्या लघुपटाला 1967 मध्ये बर्लिनला गोल्डन बेअर मिळालं. नंतर माधुरीला घेऊन ‘गजगामिनी’. शेवटची वर्षं मात्र चित्रांवरून झालेले खटले आणि निदर्शनं यांमुळे देशाबाहेर काढावी लागली. 2010 मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं, 2011 मध्ये लंडनला निधन झालं.

आणि हुसेन यांचे ते अनवाणी पाय? त्यामागेही एक मराठी घर आहे. हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध, म्हणजे आपल्या शरच्चंद्र मुक्तिबोधांचे थोरले बंधू, 1964 मध्ये गेले. त्यांच्या अंत्ययात्रेत हुसेन अनवाणी चालले आणि तेव्हापासून चपला सुटल्या, असं सांगतात. पुढे मुंबईच्या विलिंग्डन क्लबने पायात काही नाही म्हणून त्यांना दारातूनच परत पाठवलं. हुसेन गेले निघून. पेपरात गाजला तो क्लब.