तीन हजार पाय आणि एक डबा

लॉरेल आणि हार्डी, म्हणजे आपले जाड्या-रड्या, ठाऊक नाहीत असं घर विरळाच. पण त्यांचा ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’ कितीजणींनी पाहिलाय? अहो, पाहणार कुठून! कित्येक वर्षं तो धड कुणाकडेच नव्हता.

१९२७ सालचा हा दोन रिळांचा मूकपट. रड्या मुष्टियुद्धात हरतो. जाड्या त्याचा विमा उतरवतो आणि तो घसरून पडावा म्हणून रस्त्यात केळ्याची साल टाकतो. घसरतो मात्र पायवाला! (पाय म्हणजे चालायचे नव्हेत बरं का, साहेबांकडचा क्रीम भरलेला गोड पदार्थ.) मग काय, बघता बघता अख्खा रस्ता एकमेकांना पाय फेकून मारू लागतो. त्यासाठी तीन हजार पाय आणले होते म्हणतात. शेवटी अनिता गार्विन ही नटी ठसक्यात येते आणि नेमकी एका पायवर बसते! उठते, तंगडी झटकते आणि जणू काही झालंच नाही अशी चालू लागते. चारचौघांत फजिती झाली की आपणही हेच करतो, नाही का?

१९५७ साली रॉबर्ट यंगसन यांनी आपल्या संकलनपटात या धुमाळीचे काही तुकडे घातले. पुढे जगाला ठाऊक राहिले ते तेवढेच. पण तुकड्यांत नुसती फेकाफेक दिसते. खरी गंमत आहे ती एकेकाचा तोल हळूहळू सुटण्यात. म्हणूनच संग्राहक त्या दुसऱ्या रिळासाठी झुरत होते. २०१५ साली ते जवळजवळ पूर्ण सापडलं. कुठे? एका अमेरिकन संग्राहकानं दुसऱ्या दिवंगत संग्राहकाचा साठा घेतला होता, त्यातल्याच एका डब्यात!

तेव्हा मैत्रिणींनो, माळा आवरताना सासऱ्यांच्या वेळची लग्नाची किंवा बारशाची फिल्म हाती आली, तर ती भंगारात घालू नका. डब्याला व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म कुजायला लागली आहे असं समजा. तो डबा चांगल्या फिल्मांपासून वेगळा ठेवा, कारण हा रोग शेजारच्या डब्यांनाही लागतो. जागा थंड आणि कोरडी हवी. माळ्यावरची उष्णता आणि पावसाळ्यातली ओल दोन्ही वाईट. आणि हौसेनं जुन्या प्रोजेक्टरवर लावून बघू नका. आकसलेली फिल्म दात्यांत अडकून फाटते. आधी जाणकाराकडून तपासून घ्या आणि नक्कल करून घ्या.

घरातलं हसू एकदा कुजलं, की ते पुन्हा विकत मिळत नाही.