शुगरचा हिशेब

घोड आणि भीमा नद्यांच्या या पट्ट्यात साखर कारखान्यात होते आणि शुगर माणसाला. न्हावऱ्याला घोडगंगा कारखाना, पाटसला भीमा. उसाचा उतारा किती पडला ते शिरूर-दौंडचा शेतकरी टक्क्यांत सांगेल. रक्तातल्या साखरेचा हिशेब मात्र जेवणानं हलतो, तापानं हलतो, काळजीनंही हलतो. तो संगणकावर सोपवण्याची खटपट मात्र जुनी आहे.

1977 च्या सुमारास 'बायोस्टेटर' आलं. खाटेशेजारी उभं राहणारं अवजड यंत्र. ते रक्त ओढून साखर मोजायचं आणि इन्सुलिन द्यायचं की ग्लुकोज, किती द्यायचं, हे आतला संगणक ठरवायचा. घरी नेण्याजोगं ते नव्हतंच. संशोधकांना मात्र त्याचा 'क्लॅम्प' चाचणीत उपयोग झाला. या चाचणीत शिरेतून इन्सुलिन सोडत राहायचं आणि साखर एका पातळीवर टिकवायला किती ग्लुकोज लागतं ते पाहायचं. कमी लागलं, तर शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. हातानं करायचं तर दर पाच मिनिटांनी रक्त तपासावं लागे.

पुढचा टप्पा अतिदक्षता विभागाचा. 2001 मध्ये बेल्जियमच्या ल्युव्हेनमधल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या 1548 रुग्णांपैकी निम्म्यांची साखर डेसिलिटरमागे 80 ते 110 मिलिग्रॅमच्या आत ठेवली. विभागातले मृत्यू 8 टक्क्यांवरून 4.6 वर आले. जगभर या आकड्यांचा बोलबाला झाला. 2009 चा 'नाइस-शुगर' अभ्यास चौपट मोठा होता, इन्सुलिनचा हिशेब संकेतस्थळावरून मिळत होता. निकाल उलटा लागला: काटेकोर गटात 27.5 टक्के दगावले, सैल गटात 24.9. साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचं प्रमाण 6.8 टक्के विरुद्ध 0.5. मग दोष उद्दिष्टाचा की हिशेबाचा? ल्युव्हेनकरांनी 'लॉजिक-इन्सुलिन' ही अधिक नेमकी संगणकप्रणाली घेतली आणि 2023 मध्ये 9230 रुग्णांचा निकाल मांडला. साखर फार खाली जाणं आटोक्यात आलं होतं. पण रुग्ण लवकर बरे होऊन विभागाबाहेर पडले नाहीत, मृत्यूही घटले नाहीत. संगणकानं आकडा हुकमात आणला, पण फायदा हाती लागला नाही.

इकडे पुण्यात हिशेब दुसऱ्याच टोकाकडून सुरू झाला होता. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला सत्तरच्या दशकात डॉ. बानू कोयाजींनी केईएम रुग्णालयाचं ग्रामीण काम उभं केलं. त्याच केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास हाती घेतला. बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साऊदॅम्प्टनची 3.5 किलोची. वजन कमी, पण चरबी त्या मानानं टिकून.

या मुलांना सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासलं. शेकडो पोरांवर क्लॅम्प कोण करणार? त्याऐवजी कामी आलं ऑक्सफर्डचं 1985 मधलं 'होमा' हे गणित. संगणकावर सोडवलेल्या या प्रारूपाला उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिन एवढे दोनच आकडे पुरतात. सहाव्या वर्षीच एक धागा सापडला: गरोदरपणी ज्या आयांच्यात ब-12 जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात इन्सुलिनला विरोध सर्वाधिक.

अठराव्या वर्षी 619 जणांची तपासणी झाली. 37 टक्के मुलगे आणि 18 टक्के मुली साखरेच्या उंबरठ्यावर किंवा पलीकडे, तेही बहुतेक सडपातळ. मागची पानं चाळली तेव्हा दिसलं, की यांची उपाशीपोटीची साखर सहाव्या वर्षीच इतरांपेक्षा जराशी चढी होती. तेव्हा ती कुणाला खटकण्याजोगी नव्हती.