हाडांचा हिशेब

वडील गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडायला गेलो. पाणी शिंपडून निवलेल्या राखेतून अस्थी वेचायच्या होत्या. गुरुजी म्हणाले, "आधी पायाकडच्या वेचा, डोक्याकडच्या शेवटी." माझ्या हाती बोटाएवढा एक तुकडा आला. पांढरा, सच्छिद्र, खडूसारखा हलका. तो कुठला, हे मला सांगता येईना. शेवटचे दोन महिने ज्या शरीराला मी रोज अंघोळ घालत होतो, त्यातले एक हाड मला ओळखता येत नव्हते. ती टोचणी राहिली, आणि तिच्यापायी मी वाचायला लागलो. मी वैद्य नाही, डॉक्टरही नाही. संस्कृत चाळिशीनंतर घरीच शिकलो. त्यामुळे पहिला प्रश्न पडला तो अगदी शाळकरी होता. माणसाच्या शरीरात हाडे किती?

शाळेच्या पुस्तकात उत्तर आहे २०६. चरकसंहितेत ३६०. सुश्रुतसंहितेत ३००. याज्ञवल्क्यस्मृतीतही ३६०च आहेत. या आकड्यांवरून आपल्याकडे दोन तट पडतात. एकाला प्राचीनांना सगळे ठाऊक होते असे वाटते, दुसऱ्याला काहीच ठाऊक नव्हते असे. हिशेब मांडून पाहण्याची तसदी दोघेही घेत नाहीत. मी ती घ्यायचे ठरवले.

३६० हा आकडा मुळात वैद्यकाचा नसावा. शतपथ ब्राह्मणात वर्षाचे दिवस ३६० आणि पुरुषाची हाडेही ३६० अशी सांगड घातलेली आहे. शरीर म्हणजे संवत्सराची प्रतिमा, ही त्यामागची कल्पना. चरकाच्या यादीत हा आकडा भरतो तो ३२ दात, दातांची ३२ उखळे आणि २० नखे धरून. सुश्रुत मात्र शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात सरळ सांगतो, की वेदवादी ३६० म्हणतात, पण शल्यतंत्रात ३००च. परंपरेचा आकडा नोंदवायचा, त्याची टिंगल करायची नाही, आणि शस्त्र चालवणाऱ्याचा आकडा त्याच्या शेजारी ठेवायचा. मला ही भूमिका फार मोलाची वाटते.

आता त्याचा हिशेब. हातापायांत १२०, कंबर, बरगड्या, पाठ, छाती मिळून ११७, मानेपासून वर ६३. मोजणी पायाच्या बोटांपासून सुरू होते आणि डोक्याशी संपते. आश्वलायन गृह्यसूत्रात अस्थिसंचयनाचा क्रमही हाच आहे, आणि आमच्या गुरुजींनी सांगितलेलाही हाच. हा योगायोगही असेल. पण हाडे हातात घेऊन पाहण्याची वेळ ज्या समाजात मुख्यतः सावडण्याच्या दिवशीच येत असे, तिथे मोजणीला तेच वळण लागले असेल तर नवल नाही.

एका पायाची फोड अशी: प्रत्येक बोटात तीन म्हणजे १५, तळवा-कूर्च-घोटा मिळून १०, टाचेत १, नडगीच्या भागात २, गुडघ्यात १, मांडीत १. एकूण ३०. आजचे शरीरशास्त्र काय म्हणते? बोटांत १४, तळव्यात ५, घोटा आणि टाच मिळून ७, नडगीच्या भागात २, गुडघ्याची वाटी १, मांडीचे १. एकूण ३०. हा ताळा जुळला तेव्हा मी कागद उलटा ठेवून पुन्हा बेरीज केली होती.

बेरीज जुळते, पण फोड जुळत नाही. अंगठ्यात दोनच हाडे असतात. सुश्रुत तीन धरतो. म्हणजे चूक झाली आणि दुसऱ्या चुकीने ती झाकली गेली का? मला तसे वाटत नाही. अंगठ्यामागचे तळव्यातले हाड अंगठ्यातच धरले, तर बोटांची १५ होतात, तळव्यात ४ उरतात, टाच सोडून घोट्याची ६ धरली की ४ आणि ६ मिळून बरोबर १०. आणि असे धरणारा सुश्रुत एकटा नाही. ग्रीक वैद्य गेलनही हाताच्या अंगठ्यात तीन आणि तळहातात चारच हाडे मानत असे. त्याला आधारही आहे. वाढत्या वयात या हाडाची वाढपट्टी बोटांच्या हाडांप्रमाणे बुडाशी असते. तळव्याच्या इतर चार हाडांत ती पुढच्या टोकाला असते. हे हाड राहते तळव्यात, पण वाढते बोटासारखे.

हाताबद्दल मात्र सुश्रुत "पायाप्रमाणेच" म्हणून मोकळा होतो. हातातही ३०च हाडे आहेत, पण कोपराला वाटी नसते आणि मनगटात ७ नव्हे, ८ हाडे असतात. इथला ताळा नशिबाने जुळला, हेही सांगितले पाहिजे.

धडाकडे आलो की आकडे फुगतात. एका बाजूच्या बरगड्या ३६! आहेत १२. चरकाच्या यादीत याचा उलगडा होतो. तिथे २४ बरगड्या, त्यांची २४ खोबणी आणि २४ उंचवटे वेगवेगळे मोजून ७२ केले आहेत. एकाच हाडाचे भाग तीनदा धरले गेले. ही चूकच आहे, आणि हाताने पाहणाऱ्यांच्या यादीतही ती ऐकीव परंपरेतून शिरलेली दिसते. ऑक्सफर्डहून १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हर्नले या विद्वानाने या याद्या हाडन् हाड तपासल्या आहेत.

उरलेला फरक "हाड कशाला म्हणायचे" यातला आहे. सुश्रुत हाडांचे पाच प्रकार करतो: कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. रुचक म्हणजे दात. आज आपण दात हाडांत धरत नाही, कारण मोडलेले हाड सांधते, मोडलेला दात सांधत नाही. तरुण म्हणजे नाक-कानातली लवचिक कास्थी. ती त्याच्या यादीत का आली, याचे उत्तर त्याच्या पद्धतीत असावे. प्रेत मुंज, कुश अशा गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचे, मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर पाहायचा. अशा शरीरात कास्थी जागच्या जागी राहते. आपल्या प्रयोगशाळेतला सांगाडा स्वच्छ करून, तारांनी बांधलेला असतो. त्यात नाकाच्या जागी भोक उरते.

आणि २०६ तरी कुठे अढळ आहे? तान्ह्या बाळात हाडांचे तुकडे तीनशेच्या घरात असतात. कमरेच्या एका बाजूचे तीन तुकडे किशोरवयात एक होतात, माकडहाडावरचे पाच मणके जुळून एकच त्रिकास्थी होते. कुणाला एखादी बरगडी जास्त असते. २०६ ही प्रौढ माणसाची सरासरी आहे.

मोजणीच्या नादात एक गोष्ट मात्र मीही विसरलो होतो. हाड म्हणजे तुळई-खांब नव्हेत. शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम हाडांत साठवलेले असते, आणि रक्तात ते कमी पडले की हाडातून काढले जाते. मगजात दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी तयार होतात. प्रौढ सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी झिजून नव्याने बांधला जातो. जिथे भार पडतो तिथे हाड दाट होते, माणूस अंथरुणाला खिळला की विरळ होते. वडिलांच्या पायांचे तेच झाले असणार.

आगीत हाडातले प्रथिन जळते आणि क्षार उरतात. म्हणून तो तुकडा इतका हलका आणि ठिसूळ होता. मधे बारीक, दोन्ही टोकांना रुंद, आणि पायाकडच्या राखेतला. आज तो समोर असता तर कदाचित ओळखला असता. पण तो केव्हाच गोदावरीत गेला. पुढे काकूंच्या वेळी पुतण्याने एक तुकडा पुढे करून विचारले, "काका, हे कुठलं?" मी तो अंगठ्यापाशी धरून पाहिला आणि त्याला सांगितले, "टाचेचं. यावर ती ऐंशी वर्षं उभी होती."